दुसरा कागद

थोरल्या सिस्टरांना गणित येतं, ही गोष्ट त्या अतिदक्षता विभागातल्या पलंगांनाही ठाऊक होती. कोणाला मिनिटाला किती थेंब, कोणत्या सिरिंजचा वेग किती, अमक्या वजनाच्या माणसाला तमुक औषध ताशी किती एमएल, नुसतं विचारायचा अवकाश. बाकीच्या जणी मोबाइल काढून आकडे दाबत बसायच्या, तोवर थोरली ओठांतल्या ओठांत पुटपुटून मोकळी झालेली असायची. डॉक्टरसुद्धा कागद पुढे करून म्हणायचे, "बघा हो जरा, बरोबर आहे ना?" मग ती डोळे बारीक करून बघायची आणि उत्तर द्यायच्या आधी क्षणभर उगाचच थांबायची. तो क्षण तिला फार आवडायचा.

तिला थोरली म्हणायला लागले ते मात्र धाकटी आल्यावर. त्याआधी ती नुसत्या आडनावानं ओळखली जायची. पण त्याच आडनावाची दुसरी सिस्टर त्याच वॉर्डात आली आणि एका हाकेला दोघी ओ द्यायला लागल्या, तेव्हा मेट्रननी तोडगा काढला, की ही थोरली आणि ती धाकटी. धाकटी म्हणजे थोरलीच्या सख्ख्या भावाची बायको. आणि हे लग्न जमवलं कोणी? थोरलीनंच! एका शिबिरात ही मुलगी तिला भेटली, कामाला चटपटीत, बोलायला गोड, हिशोबाला पक्की. थोरलीनं घरी येऊन भावाला सांगितलं, "बघ बाबा, दिवा घेऊन शोधलीस तरी अशी मिळायची नाही." स्वतः लग्न न करता तिनं भावाला शिकवलं होतं, आईला सांभाळलं होतं, तेव्हा घरात तिचा शब्द शेवटचा. लग्न झालं. पुढे वॉर्डात जागा रिकामी झाली, तेव्हा अर्ज कर म्हणून धाकटीच्या मागे लागलीही तीच. आपल्या पायावर आपणच धोंडा मारून घेणं म्हणतात ते आणखी वेगळं काय असतं?

त्या वॉर्डात एक रीत होती. काही औषधं अशी असतात, की हात जरा सैल पडला तर माणूस हातचा जातो. ती कोणी एकटीनं लावायची नाहीत. दोघींनी गणित करायचं, एकमेकींना न दाखवता, आपापल्या चिठोऱ्यावर. मग पलंगापाशी दोन्ही कागद एकदम उलटायचे. आकडा जुळला तर औषध सुरू, नाही जुळला तर पुन्हा पहिल्यापासून. मेट्रन म्हणायच्या, "एक डोकं चुकतं. दोन डोकी एकाच जागी सहसा चुकत नाहीत." रीत चांगलीच होती. पण खरं सांगायचं तर थोरलीच्या जोडीला जी कोण असेल ती गणित करायचीच नाही. थोरलीचं पेन कसं वळतंय ते तिरक्या नजरेनं बघायची आणि तोच आकडा उतरवायची. थोरलीला ते कळत नव्हतं असं नाही. तिनं कधी कोणाला टोकलं नाही. उलट बरं वाटायचं.

धाकटी मात्र पाठ फिरवून उभी राहायची आणि खरंच गणित करायची.

पहिली ठिणगी पडली ती साध्या सलाइनवरून. पेशंटचं हृदय नाजूक, म्हणून सलाइनसुद्धा दोघींनी तपासून लावायची होती. एक लिटर, आठ तासांत. सलाइन सोडणारे पंप सगळे दुसऱ्या पेशंटकडे अडकलेले, तेव्हा थेंब मोजून. कागद उलटले. थोरलीच्या कागदावर मिनिटाला बेचाळीस थेंब, धाकटीच्या कागदावर एकतीस.

"पुन्हा कर," थोरली म्हणाली.

"केलं ताई. दोनदा केलं. एकतीसच येतंय."

"अगं, हजार एमएल, वीस थेंबांचा एक एमएल, आठ तास. पहिल्या वर्षाच्या पोरी झोपेत करतील हे."

"वीस नाही ताई, पंधरा. नळ्या बदलल्यात ना. या नवीन नळीचा थेंब मोठा आहे, पंधरा थेंबांतच एमएल भरतो." आणि तिनं नळीचं प्लॅस्टिकचं पाकीट पुढे केलं. त्यावर मुंगीच्या अक्षरात तसं छापलेलं होतं.

आता हे तिनं हळूच कानात सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही. नेमके तेव्हाच डॉक्टर मागून आले, त्यांनी पाकीट वाचलं आणि म्हणाले, "वा, धाकट्या सिस्टर! थोरल्या सिस्टरांना जोड मिळाली की हो!" सगळ्या हसल्या. थोरलीही हसली. इतकी हसली की तिचे गाल दुखले.

त्या दिवसापासून तिच्या पोटात जे दुखायला लागलं, त्यावर दवाखान्यात औषध नव्हतं. लोक आता कागद घेऊन धाकटीकडे जायला लागले. सगळे नाही, दोन-तीन जणच. पण थोरलीला ते दोन-तीनच दिसायचे. धाकटीला गणित घातलं की ती क्षणभरसुद्धा थांबायची नाही, सरळ उत्तर द्यायची, वर म्हणायची, "ताईंनाही विचारा हं एकदा." हे तर थोरलीला अगदीच सहन व्हायचं नाही. मेली माझी शिफारस करते! मला हिच्या शिफारशीची गरज!

घरी तरी सुटका असावी? छे! आईच्या गोळ्यांचा डबा इतकी वर्षं थोरली भरायची. सकाळची, दुपारची, अर्धी गोळी, पाव गोळी, सगळं तिच्या बोटांवर. एके दिवशी बघते तर डबा भरलेला.

"कोणी भरला?" तिनं विचारलं.

"तिनं भरला," आई म्हणाली. "आणि हे बघ, ती म्हणते, ही पिवळी गोळी जेवणाआधी घ्यायची. तू मला जेवणानंतर देत होतीस."

"आधी घेतली काय अन् नंतर घेतली काय, पोटातच जाते ना?"

"तसं कसं? आधी घेतल्यापासून जळजळ थांबली माझी," आई म्हणाली आणि वर कौतुकानं मान हलवली. "हुशार आहे हं पोरगी. पारख मात्र तुझी."

पारख तुझी! म्हणजे कौतुक तिचं आणि वाटेला आली नुसती पारख. जळजळ आईची थांबली आणि थोरलीची सुरू झाली. रात्री जेवताना भाऊ बायकोच्या ताटात वाढत म्हणाला, "ताई, काल मेट्रन मला बाजारात भेटल्या होत्या. म्हणाल्या, तुमच्या घरात दोन-दोन हिरे आहेत." थोरलीनं पहिल्यांदा काय मोजलं असेल? दोन. इतकी वर्षं एकच होता.

खोटं कशाला बोलायचं, धाकटी वाईट नव्हती. वाईट असती तर थोरलीचं काम सोपं झालं असतं. ती 'ताई ताई' करत मागे असायची, ड्यूटीवरून आली की थोरलीला आधी चहा द्यायची, थोरलीचे पांढरे बूट आपल्या बुटांबरोबर पुसून ठेवायची. एखाद्या माणसात नाव ठेवायला जागा सापडू नये, यासारखा दुसरा त्रास नाही. थोरली शोध शोध शोधायची. चालताना चपला वाजवते, फोनवर फार हसते, कपड्यांची घडी उलटी घालते. एवढ्यावर मत्सराचं पोट भरतं का कुठे? मग ती एकटीच स्वयंपाकघरात बसून गळक्या नळाचे थेंब मोजायची, मनातल्या मनात नळीचा आकार बदलायची, वजनं बदलायची, आणि गणितं सोडवायची. या वयात! पुन्हा कधी चुकायचं नाही, आणि ती चुकली की आपण तिथे असायचं, एवढंच तिच्या डोक्यात.

अशात मेट्रननी जाहीर केलं, की नव्या सिस्टरांची तुकडी येतेय, आणि त्यांना औषधांचं गणित शिकवायला वॉर्डातलीच एक सिस्टर कायमची नेमायची आहे. शिकवणारी सिस्टर! वेगळी खोली, फळा, दारावर पाटी. थोरलीनं वीस वर्षं मनात ती पाटी लावून ठेवली होती. पूर्वी असं जाहीर झालं असतं, तर सगळ्यांनी माना तिच्याकडे वळवल्या असत्या. आता माना वळल्या, पण अर्ध्या इकडे आणि अर्ध्या तिकडे.

"दोघींचं काम बघते आणि ठरवते," मेट्रन म्हणाल्या.

धाकटी बाहेर आल्यावर म्हणाली, "ताई, तुम्हीच हव्यात. मी नाही म्हणून सांगू का त्यांना?"

"उपकार नकोत तुझे!" थोरली फटकन बोलली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "म्हणजे, बघू दे ना त्यांना. ज्याचं त्याचं काम."

आणि मग ती दुपार आली.

कोपऱ्यातल्या पलंगावर बस चालवणारे एक काका होते. गाडी चालवतानाच छातीत कळ आलेली, तरी त्यांनी आधी गाडी कडेला घेतली आणि मग मान टाकली, असं त्यांची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. त्यांचा रक्तदाब आपल्या पायावर उभा राहतच नव्हता. औषधानं धरून ठेवला होता. सिरिंज पंपात बसवलेली, ताशी नऊ एमएलनं औषध आत जात होतं. हे असं औषध, की कमी पडलं तर दाब कोसळतो आणि जास्त गेलं तर असा उसळतो की नाजूक हृदयाला झेपत नाही. त्या सकाळी डॉक्टरांनी सांगितलं, की काकांच्या अंगात पाणी फार साठतंय. पुढची सिरिंज दुप्पट कडक करा. अंगात औषध तेवढंच जाईल, पण निम्म्या पाण्यातून.

धाकटीनं दुसऱ्या पंपात नवी सिरिंज भरून ठेवली. तेवढ्याच पाण्यात चार मिलिग्रामच्या जागी आठ, अगदी बरोबर. लेबलही लावलं. मग थोरलीला हाक मारली. "ताई, माझं गणित झालंय, कागद पालथा ठेवलाय. तुमचं करता? जुनी सिरिंज संपत आलीय."

थोरली आली. कागद पालथाच होता. पण धाकटीनं घाईत नव्या पंपावर वेगसुद्धा लावून ठेवला होता, नुसतं सुरू करायचं बटण दाबायचं बाकी. थोरलीची नजर त्या आकड्यावर गेली.

नऊ.

थोरलीचं डोकं आपोआप चाललं. साठ किलोंचा माणूस, मिनिटाला बारा मायक्रोग्राम, तासाला सातशे वीस. जुन्या सिरिंजच्या एका एमएलमध्ये ऐंशी, म्हणून नऊ. नव्या सिरिंजच्या एका एमएलमध्ये एकशे साठ. म्हणजे साडेचार. पोरीनं औषध दुप्पट केलं आणि वेग जुनाच धरला! दोन दिवस शेजारच्या पंपावर नऊ बघून बघून तिच्या डोळ्यांत नऊच बसला होता.

सांगायला किती वेळ लागतो? 'अगं, ही दुप्पट आहे ना?' एवढं एक वाक्य. ते थोरलीच्या जिभेवर आलंसुद्धा. पण त्याच वेळी काचेच्या दारातून तिला बाहेर मेट्रन दिसल्या. एका नातेवाइकाशी बोलत त्या वॉर्डाकडेच येत होत्या. आणि थोरलीनं ते वाक्य गिळलं.

"आलेच," ती म्हणाली. "माझं करून आणते."

ती मधल्या टेबलापाशी जाऊन बसली. चिठोऱ्यावर साडेचार लिहिलं. लिहून झालं, तरी ती बसून राहिली. मेट्रन आत येऊ देत. त्यांच्यासमोर कागद उलटू देत. एकावर नऊ, एकावर साडेचार. बोला आता, हिरे कुठे दोन आहेत? तिला त्या पोरीला एकदा, फक्त एकदा, चारचौघांत तोंडघशी पडलेलं बघायचं होतं. मान खाली, कान लाल. काकांना काही व्हावं असं तिच्या मनात अजिबात नव्हतं हो! कसं होईल? दुसऱ्या कागदाशिवाय पंप सुरू होणार नाही, आणि दुसरा कागद तर तिच्या मुठीत होता. सगळं कसं सुरक्षित.

बाहेर मेट्रन अजून बोलतच होत्या. नातेवाईक हातवारे करत होता. थोरलीनं पेनाचं टोपण काढलं, लावलं. ये ना बाई लवकर! साऱ्या जन्मात वेगाची गणितं केलेल्या त्या बाईनं एक साधं गणित मात्र केलं नाही, की जुन्या सिरिंजमध्ये उरलंय किती आणि ते पुरणार कुठवर.

जुना पंप किंचाळायला लागला.

"ताई!" धाकटीची हाक आली. "संपली! ताई, कागद!"

मॉनिटरवर आकडे उतरायला लागले. एकशे दहाचे नव्वद, नव्वदचे सत्तर. काकांचा चेहरा राखेसारखा झाला आणि त्यांचा हात चादरीवर काहीतरी चाचपडू लागला, जसा काही ब्रेक शोधतोय. धाकटीचं बोट नव्या पंपाच्या बटणावर होतं. दाबलं तर रीत मोडते, नाही दाबलं तर माणूस जातो. थोरली धावली. तिनं धाकटीचा हात बटणावरून उडवून लावला आणि ओरडली, "दुप्पट आहे ती! साडेचार! साडेचार लाव!" आणि स्वतःच आकडा बदलून पंप सुरू केला.

डॉक्टर धावत आले, मेट्रन आल्या, पाय वर करा, मास्क लावा, नाडी बघा. दाब पासष्टवर थांबला, रेंगाळला, मग हळूहळू, जिन्यावरून चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा, वर यायला लागला. काकांनी डोळे उघडले तेव्हा दाराच्या काचेला त्यांच्या बायकोचं नाक चिकटलेलं होतं. तिनं आतलं सगळं बघितलं होतं.

मेट्रननी दोन्ही कागद उचलले. एकावर नऊ, एकावर साडेचार. अगदी थोरलीनं ठरवलं होतं तस्संच.

"थोरल्या सिस्टर," त्या म्हणाल्या, "आज तुमच्या या कागदानं माणूस वाचवला."

आणि धाकटी? थोरलीला हवी होती तशी मान खाली, कान लाल, सगळं होतं. पण फार थोडा वेळ. मग त्या पोरीनं डोळे पुसले, मान वर केली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक माझी आहे. औषध दुप्पट केलं आणि वेग जुनाच लावला. नोंद मीच करते." ना सबब, ना रडगाणं. डॉक्टर म्हणाले, "होतं असं, सिस्टर. लपवलं नाहीत, हे मोठं." घ्या! म्हणजे बाई चुकली तरी वाहवा तिचीच. माणूस वाचवून थोरलीला एक वाक्य मिळालं, आणि माणूस मारायला निघालेल्या हिला एक.

बाहेर काकांच्या बायकोनं थोरलीचे दोन्ही हात घट्ट धरले. "तुम्ही धावत आलात म्हणून हो," ती म्हणाली. थोरलीनं हात सोडवून घेतले. तिला हात धुवायचे होते. तिनं धुतले, पुन्हा धुतले.

संध्याकाळी घरी धाकटीनं आईला आणि नवऱ्याला सगळं स्वतःहून सांगितलं. "ताई नसत्या तर आज माझ्या हातून माणूस गेला असता."

आई उठली, थोरलीजवळ आली आणि तिच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "शेवटी माझी लेक ती माझीच लेक."

किती दिवस ती या वाक्याची वाट बघत होती! आणि आलं तेव्हा ती उठून पुन्हा हात धुवायला गेली. पुढे आठवडाभर काका बरे होईपर्यंत ती रोज त्यांच्या पलंगापाशी जायची, नाडी बघायची, विचारायची, "कसं वाटतंय?" काका म्हणायचे, "गाडी रुळावर आहे, सिस्टर. तुमची कृपा." ती तिथून पळ काढायची. आपण काय केलं ते तिला चांगलं ठाऊक होतं, पण तिनं ते कोणाला सांगितलं नाही. काका चालत घरी गेले. आणि दारावर पाटी लागली. थोरलीच्या नावाची.

नव्या तुकडीचा पहिला वर्ग. फळा, खडू, समोर पंधरा-वीस नव्या सिस्टर, मागच्या खुर्चीत मेट्रन. धाकटीला मेट्रननी मुद्दाम बोलावलं होतं, तिची चूक तिच्याच तोंडून मुलींना कळावी म्हणून. दुसरी कोणी असती तर पोटात दुखतंय म्हणून घरी राहिली असती. ही आली, फळ्यापाशी उभी राहिली आणि खडखडीत आवाजात सगळं सांगितलं. "मी सिरिंज बदलली, पण डोक्यातला आकडा बदलला नाही. तुमच्या डोळ्यांना एखादा आकडा ओळखीचा वाटायला लागला, की समजा तिथेच मेख आहे. माझं नशीब, की दुसरा कागद ताईंचा होता." मुली टक लावून ऐकत होत्या. एकीनं तर डोळे पुसले. वर्ग थोरलीचा, पाटी थोरलीची, आणि मुली धाकटीच्या झाल्या पाच मिनिटांत. थोरली हातातला खडू चोळत उभी होती आणि तिचा जीव जळत होता. आताही! चुकण्यातसुद्धा ही बया आपल्या पुढे!

तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका चष्मेवाल्या मुलीनं हात वर केला. अगदी सरळ मनानं विचारलं तिनं, "सिस्टर, हे गणित तर अर्ध्या मिनिटाचं आहे. मग जुनी सिरिंज संपेपर्यंत दुसरा कागद का नाही आला? दुसऱ्या सिस्टर कुठे होत्या?"

मेट्रननी मान वर केली. हा प्रश्न इतक्या दिवसांत एकानंही विचारला नव्हता.

तिनं तोंड उघडायच्या आत धाकटी म्हणाली, "ताई दुसऱ्या पेशंटकडे अडकल्या होत्या. तिकडेही घाईच होती."

ती हे इतक्या सहज म्हणाली, की मुलींनी माना डोलावल्या आणि मेट्रननीही. फक्त थोरलीला कळलं. काकांच्या पलंगापासून मधलं टेबल सरळ समोर दिसायचं, मध्ये पडदासुद्धा नव्हता. धाकटी तिथे उभी राहून बघत होती. ताईंना लिहिताना बघितलं, लिहून झाल्यावर बसून राहिलेलं बघितलं, पेनाचं टोपण काढताना-लावताना बघितलं. पंपावरच्या आकड्याकडे गेलेली नजरसुद्धा बघितली असेल. सगळं ठाऊक होतं हिला! आणि तरी हिनं चहा दिला, बूट पुसले, आईला सांगितलं ताई नसत्या तर. आणि आता भर वर्गात, स्वतःच्या माथ्यावर चूक घेऊन, वर माझी पाटी वाचवायला खोटंसुद्धा बोलली. कीव केली हिनं माझी!

थोरलीला जे वाटलं तो पश्चात्ताप होता असं मी म्हणणार नाही. पश्चात्ताप असेलही कुठेतरी खाली. पण वर उसळला तो मत्सरच, पहिल्यापेक्षा दुप्पट कडक. एवढं मोठेपण हिला एकटीला? नाही मिळू द्यायची मी.

"ती खोटं बोलतेय," थोरली म्हणाली.

धाकटी गर्रकन वळली. "ताई..."

"थांब तू. मुलींनो, मी कुठल्याही पेशंटकडे नव्हते. समोरच्या टेबलापाशी बसले होते. हिनं पंपावर लावलेला नऊ मी आधीच बघितला होता. माझ्या कागदावर साडेचार लिहूनही झालं होतं. कागद मुठीत धरून मी वाट बघत बसले."

चष्मेवालीनं चाचरत विचारलं, "कशाची वाट, सिस्टर?"

"मेट्रन यायची. त्यांच्यासमोर हिची फजिती व्हायची." थोरली म्हणाली. "जळत होते मी हिच्यावर. अजूनही जळते. आणि त्या पायी एक माणूस जात होता. हिची चूक होती, ती दुसऱ्या कागदानं सुधारली असती. माझी सुधारायला तिसरा कागद नव्हता."

मागे मेट्रननी चष्मा काढला. थोरलीनं खडू फळ्याच्या कडेला ठेवला, हात झटकले आणि दाराकडे निघाली. ती पाटी आता फार तर संध्याकाळपर्यंतची, हे तिला न सांगता समजलं होतं.

धाकटी तिच्यामागे दारापर्यंत धावत आली. तिचे डोळे भरले होते. दंड धरून दबक्या आवाजात म्हणाली, "ताई, कशाला बोललात? मी सांभाळलं होतं ना!"

"तू सांभाळलंस," थोरली म्हणाली, "म्हणूनच."